एफीची ओळ

मित्रांनो, माझे वजन एखाद्या कोकराइतके आहे आणि वय शंभरीला टेकले आहे. मी आमच्या बेटांवर बोलतात त्या गेलिक भाषेतला बायबलचा जुना ग्रंथ. पाठीवरचे कातडे सुटले आहे, कडा चुलीच्या धुराने पिवळ्या पडल्या आहेत, आणि सुरुवातीचे चार अध्याय उंदरांनी खाल्ले आहेत. त्यामुळे माझे जग आता पाचव्या अध्यायापासून सुरू होते, म्हणजे कोणाच्या पोटी कोण जन्मले त्या लांबलचक यादीपासून. मला त्याचे वाईट वाटत नाही, कारण आमच्या घरात लोकांनी मला जास्त उघडले ते असल्या यादीसाठीच. देवाचे शब्द सांगायला पाद्रीबाबा आहेत. मला तुम्हाला एका ओळीबद्दल सांगायचे आहे. ती माझ्या अंगावर कधी लिहिली गेली नाही.

माझा जन्म एडिनबरोच्या छापखान्यात झाला. तिथून गाडी, मग होडी, मग मर्डोची पाठ, असा प्रवास करत मी या बेटावर आलो. मर्डो फौजेतून परतला होता आणि त्याचे मार्सलीशी लग्न ठरले होते. घरात ताट-वाट्या धड नव्हत्या, पण मी होतो. मला हात लावण्याआधी माणसे हात धुऊन येत. संध्याकाळी मर्डो वाचायला बसला की शेजारीपाजारी दाराशी गर्दी करत, आणि कोणी खोकले तरी म्हाताऱ्या डोळे वटारत. खोटे कशाला बोलू, मला तेव्हा जरा गर्व झाला होता.

जुना करार संपतो आणि नवा सुरू होतो, त्या दोहोंमध्ये माझे एक कोरे पान आहे. त्यावर मर्डो मुलांची नावे लिही. लिहिणे तो फौजेत शिकला होता. मार्सलीला वाचता येई, लिहिता येत नसे. गावात वाचायला शिकवणारी शाळा आली होती, लिहायला शिकवणारी नव्हती. पुढे याच गोष्टीने घात केला.

पहिली ओळ अशी होती: एफी, ११ मार्च १८३८. आमच्याकडे मुलांची नावे आईबापांनी शोधायची नसतात, ती आधीच ठरलेली असतात. पहिल्या मुलीला आईच्या आईचे नाव. ती आजी एफी चुलीजवळच बसलेली असे आणि नातीला मांडीवर घेऊन म्हणे, "आता मी सुखानं मरते." मेली मात्र नाही. पुढच्या वर्षी डिसेंबरात दुसरी ओळ आली, एवेनची.

मग डांग्या खोकला आला आणि दोन वर्षांची एफी गेली. मर्डोने तिला पुरून आल्यावर मला उघडले आणि लेखणी शाईत बुडवली. गेल्याची तारीख जन्मापुढे लिहायची रीत होती. मार्सलीने त्या ओळीवर तळहात ठेवला.

"तिच्या ओळीला हात लावू नका."

"अगं, रीत आहे."

"असू दे. तिथं तरी ती राहू दे."

मर्डोने लेखणी पुसून ठेवली. मला त्या हाताची ऊब अजून आठवते. मला तेव्हा मार्सलीचेच बरोबर वाटले.

पुढच्या वर्षी पुन्हा मुलगी झाली. आता रीत अशी, की मूल गेले तरी नाव पोरके ठेवायचे नाही, ते पाठच्या लेकराला द्यायचे. आजी तर बसलीच होती वाट बघत. या मुलीचेही नाव एफी ठेवले. पण तिची ओळ लिहायची, तर आधी थोरलीच्या ओळीपुढे मरण लिहायला हवे. नाहीतर एका घरात दोन एफी कशा? मर्डोने बायकोच्या तोंडाकडे पाहिले आणि मला पेटीतून बाहेरच काढले नाही. "नाव तर आहेच लिहिलेलं," तो म्हणाला, आणि बटाटे काढायला शेतावर गेला.

धाकटी एफी शाळेत वाचायला शिकली आणि नऊ वर्षांची असताना तिने मला उघडले. बोट ठेवून तिने पान वाचले. मग एवेनला हाक मारली.

"एवेन, तू मोठा की मी?"

"मी. गाढवाला विचारलंस तरी सांगेल."

"मग मी तुझ्या वर कशी?"

एवेन खो खो हसला. "पुस्तकात मोठी, उंचीला छोटी. जा, आता मेंढ्या तू वळ, थोरलीचं काम ते."

मार्सली म्हणाली, "वर आहेस ना? मग झालं." शेवटी आजीनेच एफीला जवळ घेऊन खरे काय ते सांगितले. पोर रडली नाही. त्या दिवसानंतर रविवारी पान उलटले जाई तेव्हा ती मान फिरवून चुलीकडे बघत बसे.

विसाव्या वर्षी तिचे लग्न झाले. तिच्या नवऱ्याने कॅनडाची वाट धरायचे ठरवले. निघण्याच्या आदल्या दिवशी एफीने मला मेजावर आणून ठेवले, शेजारी शाई ठेवली आणि बापाला म्हणाली, "बाबा, मी जाण्याआधी मला लिहा. एवढंच मागते."

मर्डो म्हातारा झाला होता. तरी त्याने लेखणी घेतली. मार्सली ओटच्या भाकऱ्या थापत होती, लेकीच्या वाटेसाठी. तिने मागे वळून पाहिले नाही. फक्त तिचे हात थांबले. एकवीस वर्षे झाली होती, तरी थांबले. एफीने आईच्या पाठीकडे पाहिले. मग तिने बापाच्या हातातून लेखणी काढून घेतली.

"राहू दे, बाबा. परत आले की लिहू."

परत कोण येते, मित्रांनो? त्या घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक होते.

मर्डो गेला. आणखी काही वर्षांनी मार्सलीने अंथरूण धरले, आणि एके दिवशी तिने, मोठेपणी लिहायला शिकलेल्या एवेनला सांगितले, "ते पुस्तक आण. थोरलीचं मरण लिही आणि तिच्याखाली माझ्या एफीला लिही. पाप झालं माझ्या हातून."

एवेनने विचारले, "कुठली तारीख लिहू, आई?"

मार्सलीला तारीख सांगता येईना. बटाटे काढत होते, एवढे आठवत होते. वारा असा होता, की छपराला दोर बांधावे लागले होते. थोरलीची जन्मतारीख तिला तोंडपाठ होती, कारण ती रोज वाचली होती. धाकटीची कोणी लिहिलीच नव्हती, मग ती वाचणार कुठून? एवेन म्हणाला, "एफीला पत्र घालून विचारतो, मग लिहू." पत्र घालायचे राहून गेले. मार्सली त्याच आठवड्यात वारली. एवेन वाईट माणूस नव्हता, फक्त उद्यावर टाकणारा होता.

मग माझे दिवस फिरले. पाद्रीबाबांनी सगळ्यांना खिशात मावणारी छोटी बायबले वाटली. मी पिठाच्या पेटीखाली गेलो, ती डुगडुगू नये म्हणून. तिथे पन्नासेक वर्षे मी उंदरांना शास्त्र पुरवले.

गेल्या उन्हाळ्यात मला बाहेर काढले एवेनच्या मुलीने, कर्स्टीने. ती आता साठी ओलांडलेली आहे. तिच्या दारात कॅनडाहून एक बाई आली होती, रेचल, एफीची नात. तिची गेलिक अगदी आमच्यासारखी होती, उलट काही शब्द जुनेच.

"कर्स्टी आत्या," ती म्हणाली, "आजी गेल्या हिवाळ्यात गेली. थडग्याच्या दगडावर जन्मतारीख घालायचीय. इथल्या चर्चची त्या वर्षांची वही सापडत नाही म्हणतात. आणि आजी जाताना एकच सांगून गेली, एकदा घरी जाऊन बघ, मला लिहिलंय का."

कर्स्टीने पदराने, म्हणजे पुढे बांधलेल्या फडक्याने, मला पुसले. रेचलने पान उघडले. एफी, ११ मार्च १८३८. बाई रडायला लागली. "लिहिलंय," ती म्हणाली. "लिहिलंय गं आजी."

मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

थोड्या वेळाने रेचलने डोळे पुसले आणि बोटांवर मोजले. "आत्या, पण आजोबांच्या मते ती एकोणनव्वदची होती. यावरून ब्याण्णव होतात."

"आमच्या घरातल्या बायका वय चोरतात, बाळ. तुझ्या आजीनं तीनच वर्षं चोरली, साधी होती बिचारी."

दोघी हसल्या. मग कर्स्टी हसता हसता थांबली. "बाबा मात्र म्हणायचे, एफी माझ्या पाठची."

"पाठची? इथं तर ती आधी आहे."

माझी सगळी पाने त्या एका क्षणाकडे कान लावून होती. कर्स्टीने पानाकडे पाहिले, कपाळाला आठी घातली, आणि हात झटकला. "शेवटी शेवटी बाबांना मेंढ्यासुद्धा मोजता येत नव्हत्या. चहा घे, गार होतोय."

रेचलने ती तारीख स्वच्छ अक्षरात वहीत उतरवून घेतली आणि ती बोटीने परत गेली.

ख्रिसमसच्या सुमाराला तिच्याकडून एक फोटो आला. कर्स्टीने तो माझ्या त्याच पानावर ठेवला आहे. दगड सुंदर आहे. त्यावर एफीचे नाव आहे, आणि नावाखाली तिच्या बहिणीचा जन्मदिवस कोरला आहे. जी दोनच वर्षे जगली, तिला दोन ठिकाणी जागा मिळाली. जी एकोणनव्वद वर्षे जगली, तिचा जन्मदिवस कुठेही नाही.

मित्रांनो, गेलेल्या लेकराची ओळ जपा, पण तिच्यापायी जिवंत लेकराला ताटकळत ठेवू नका. तुमच्या घरात जे म्हातारे माणूस असेल, त्याला आजच विचारा. तारीख आठवत नसेल तर वारा कसा होता ते लिहा, शेतात काय चालले होते ते लिहा. मला सगळे ठाऊक असेल असे समजून बसू नका. मी पुस्तक आहे, जे माझ्यावर लिहिले नाही ते मला सांगता येत नाही. एफीचा वाढदिवस कधी असतो, असे मला आज कोणी विचारले, तर मलाही तो माहीत नाही.