हाताची साक्ष

धाकटीने टेबलावरची बॅटरी चार्जरला लावायला उचलली आणि चटका बसल्यासारखी परत ठेवली. चटका बसल्यासारखी कशाला, बसलाच होता. तिने बोटं ओठांशी नेली, मग भान येऊन ओढणीत गुंडाळली, आणि दुसऱ्या हाताने ती जड विटेएवढी बॅटरी फडक्यात धरून वाळूच्या पेटीवर नेऊन ठेवली.

"काय गं?" दादाने पाठमोऱ्यानेच विचारलं. तो कपाटाशी वायरी गुंडाळत होता.

"काही नाही. ही जरा राहू दे म्हटलं."

"का? गार आहे. आत्ताच बघितली मी."

"खिडकीचं ऊन लागलं असेल," ती म्हणाली. त्या खोलीची एकच खिडकी गल्लीकडे उघडत असे, आणि गल्लीत समोरच्या गोदामाची भिंत अशी उभी होती की सूर्याला आत डोकवायचं म्हटलं तरी मान वाकडी करावी लागली असती. दादाने हे ऐकलं आणि तो वायरी गुंडाळत राहिला. तिला तेच जास्त लागलं. एरवी अशा बोलण्यावर त्याने तिची चांगली अर्धा तास टर उडवली असती.

त्यांचं काम फळबागांवर ड्रोनने औषध फवारण्याचं. धाकटी ड्रोन उडवायची, औषध कालवायला आणि गाडी चालवायला एक बडबड्या होता, ज्याला सगळे रेडिओ म्हणत, आणि बॅटऱ्या दादाच्या ताब्यात. औषधाची टाकी घेऊन उडणारं ते यंत्र दहा-बारा मिनिटांत बॅटरीचा जीव काढतं. खाली उतरतं तेव्हा बॅटरी तापलेली असते, आणि तापलेल्या बॅटरीला लगेच चार्जिंगला लावणं म्हणजे ताप चढलेल्या माणसाला जेवायला वाढणं. एखादी फुगते. एखादी पेटते, आणि पेटली की पाण्यालाही दाद देत नाही. म्हणून ही वेगळी खोली, वाळूच्या पेट्या, फळ्यांमध्ये बोट जाईल एवढी फट ठेवलेली मांडणी, आणि भिंतीवरचा पंखा. वरच्या मजल्यावर या धंद्याच्या मालकीणबाई राहत. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. त्यांची खाट बरोबर या खोलीच्या डोक्यावर यायची.

तापमान बघायचं यंत्र होतं. पिस्तुलासारखं धरायचं, आकडा दिसायचा. पण दादाचं त्याच्याशी पटलं नाही. "हे साल बघतं, गर नाही," तो म्हणायचा. ते खोटंही नव्हतं. पंख्याच्या वाऱ्याने बॅटरीचं कवच गार पडतं, आकडा खाली येतो, आणि आतली धग आतच राहते. दादाची रीत अशी की पंखा बंद करायचा, थोडं थांबायचं, धगीला वर यायला वेळ द्यायचा आणि मग हात लावायचा. "गार" म्हणाला की लावायची, "नाही" म्हणाला की मालकीणबाई जरी उभ्या राहिल्या तरी थांबायचं. इतक्या हंगामांत एकही बॅटरी फुगली नव्हती. मालकीणबाई नव्या गिऱ्हाइकालाही अभिमानाने सांगत की आमच्याकडे दादांचा हात आहे. विश्वासाचं एक वाईट असतं. तो ज्याच्यावर येऊन बसतो, त्याला मग उठता येत नाही.

दुपारी जेवताना रेडिओ सासूबाईंची नक्कल करत होता. म्हातारीला औषध कडू लागतं म्हणून तिने डॉक्टरलाच आधी चाखायला लावलं, असं काहीतरी. सगळे हसले, दादाही हसला, आणि हसताना त्याने हात वर केला तेव्हा धाकटीला त्याच्या मधल्या बोटावरचा फोड दिसला. टपोरा, पाणी भरलेला.

"हे कधी भाजलं?"

दादाने बोटाकडे पाहिलं. कुणा दुसऱ्याचं बोट चुकून आपल्या हाताला आलंय, असं पाहिलं. "काल वायरीला डाग देताना लागलं असेल," तो म्हणाला. "कथिल उडतं कधीकधी."

"दुखत नाही?"

"आता एवढ्याशा फोडाचं काय रडायचं?"

रेडिओ म्हणाला, दादांच्या हातावर निखारा ठेवला तर निखाराच ओरडेल. पुन्हा हशा झाला. धाकटीच्या तोंडातला घास मात्र तिथेच फिरत राहिला. दादाला साखरेचा आजार जुना. पायांना मुंग्या येतात म्हणून तो मधूनमधून तक्रार करायचा, आणि मग एके दिवशी ती तक्रार थांबली होती. घरात सगळ्यांना वाटलं, गोळ्या लागू पडल्या. कुणाच्या मनात आलं नाही की मुंग्या गेल्या तशी बाकीची जाणीवही गेली असेल. त्याच्या हाताला आता सगळंच गार लागत होतं.

तेव्हापासून तिने एक चोरी सुरू केली. दादाचा हात लावून झाला की ती काहीतरी निमित्त काढून मागे थांबायची आणि सगळ्या बॅटऱ्यांवरून आपला हात फिरवायची. चटका देणारी एखादी सापडली की गुपचूप वाळूवर सरकवायची आणि तिच्या जागी निवलेली ठेवायची. ज्या भावाने वडिलांच्या मागे तिला शिकवलं, ड्रोन उडवायचा परवाना काढायला सगळ्यांशी भांडून पाठवलं, त्याच्या पाठीमागे उभं राहून त्याचं काम तपासायचं. तिला वाटे, आपण त्याच्या ताटातलं उचलतोय. सांगावं तर ही खोली त्याच्या हातून जाणार. आधीच्या नोकरीतला मोटारींचा कारखाना बंद पडल्यावर तो कसा घरात बसून राहिला होता, वर्तमानपत्र संपलं की तेच पुन्हा पहिल्या पानापासून वाचायचा, ते तिने पाहिलं होतं. न सांगावं तर डोक्यावर ती खाट. म्हातारी खोकली की छतातून ऐकू यायचं.

एकदा ती अशीच हात फिरवत असताना दारात सावली पडली. दादा डबा विसरला म्हणून परत आला होता. तिने हात मागे घेतला, पण घेतला तो उशिराच. दादाने डबा उचलला. झाकण नीट लागलंय का ते दोनदा दाबून पाहिलं. मग गेला. दुसऱ्या दिवसापासून काम करताना गुणगुणणं त्याने सोडलं. खोलीत नुसता पंख्याचा आवाज राहिला.

मग एका मोठ्या बागेवर कीड पडली. पाऊस लांबला होता, ऊन कातडी सोलत होतं, आणि बागवाला तासातासाला फोन करत होता. सकाळपासून बॅटऱ्या जशा बाहेर जात तशा कढत होऊन परत येत. धाकटीबरोबर बागेवरून परतलेल्या रेडिओने रिकाम्या बॅटऱ्यांची खेप आत आणून ठेवली, आणि पाठोपाठ मालकीणबाई स्वतः खाली आल्या. त्यांनी तापमानाचं ते पिस्तूल उचलून एकेका बॅटरीवर धरलं.

"दादा, आकडा तर उतरलाय सगळ्यांचा. लावायच्या का?"

"पंखा बंद करा आधी," दादा म्हणाला.

पंखा बंद झाला. खोली एकदम बहिरी झाल्यासारखी वाटली. जरा वेळाने मालकीणबाई म्हणाल्या, "बघा आता. तुम्ही म्हणाल तसं."

दादा पुढे आला. त्याने हात उचलला आणि पहिल्या बॅटरीवर नेला. धाकटीने आपल्या ओढणीचं टोक मुठीत धरलं. त्या बॅटऱ्यांना तिने हात लावलेला नव्हता. मागे थांबायला सवडच मिळाली नव्हती. दादाचा हात बॅटरीच्या वर अधांतरी थांबला. मग त्याने तो परत घेतला, सदऱ्याला पुसला आणि खिशात घातला.

"मला विचारू नका," तो म्हणाला. "माझ्या हाताला कळत नाही आता. बरेच दिवस झाले."

मालकीणबाईंनी पिस्तूल खाली ठेवलं. "म्हणजे?"

"म्हणजे तेच. गार, गरम, काही नाही. हिला विचारा. गेले कित्येक दिवस हीच बघतेय."

मालकीणबाईंची नजर आधी छताकडे गेली, मग दादाकडे, मग धाकटीकडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता की भीती, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पण बाहेर बाग वाट पाहत होती.

धाकटी पुढे झाली. तिने बॅटरीवर हात ठेवला. चटका बसला नाही. गारही लागली नाही. काहीतरी मधलंच होतं, आणि तिच्या लक्षात आलं की चटका तेवढा आपल्याला ओळखता येतो, हे मधलं आपण कधी शिकलोच नाही. तिने एक बॅटरी सोडून दुसरीला हात लावला, पुन्हा पहिलीला. इतके दिवस तिने ज्या निवलेल्या म्हणून ठेवल्या होत्या, त्या खरंच निवलेल्या होत्या का?

"तळहाताने नको," दादा शेजारून हळू म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता. "पालथा लाव. मध्ये नाही, वायरी निघतात त्या कोपऱ्याला. आणि लगेच उचलू नको. धग हळूहळू येते वर."

तिने हात पालथा केला आणि कोपऱ्याला टेकवला. आधी काहीच नव्हतं. मग अगदी आतून, कुणीतरी भिंतीपलीकडून श्वास सोडावा तशी, धग यायला लागली.

"अजून नाही," ती म्हणाली.

"किती वेळ?" मालकीणबाईंनी विचारलं.

तिला माहीत नव्हतं. तिने दादाकडे पाहिलं. खोलीत एकच स्टूल होतं. दादाने ते पायाने तिच्याकडे सरकवलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला.

ती बसली नाही. हात मात्र तिने तसाच ठेवला.