परळातला वड

दोरा… पांढऱ्या सुताचा, हळदीच्या बोटांनी पिवळा झालेला, वडाच्या बुंध्याला सात वेढे देऊन शेवटी एक गाठ — मार्तंडराव उकिडवे बसून त्या गाठीकडेच बघत होते. शुक्रवार, निजामाच्या कचेरीला सुट्टी, ऊन अजून ओसरीवर चढायचं होतं, आणि मन मात्र जागेवर नव्हतं. वड त्यांचा होता. वीतभर उंचीचा, अठरा वर्षांचा, कुंभारानं तडकला म्हणून टाकून दिलेल्या मातीच्या पसरट परळात वाढवलेला. परतूरला बदलून आले तेव्हा कचेरीच्या भिंतीतून उपटून आणलेलं दोन पानांचं रोप ते — कुणी हसलं तर हसो, एवढा जीव मी दुसऱ्या कशालाच लावला नाही.

मुळ्या कातरायच्या, माती बदलायची, शेंडा खुडायचा, फांदी वाकवून बांधायची आणि वाट बघायची… वाट बघण्यातही सुख असतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. उमाबाई, त्यांच्या पत्नी, त्या झाडाला ‘माझी सवत’ म्हणायच्या. दर वटपौर्णिमेला त्या नाल्याकाठच्या मोठ्या वडाला जायच्या. परळाकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. आज गुडघा धरला, आणि पूजेचं ताट घेऊन त्या सरळ ओसरीवरच आल्या. शेजारच्या चतुराबाई हसून हसून बेजार — “अवं, ह्याला फेरे कशाला? बसल्या बसल्या गुंडाळा की दोरा!” उमाबाईंनी परळ चौरंगावर ठेवला, लंगडत सात फेरे घातले, सवतीला वाकून नमस्कार केला. मार्तंडरावांना अगदी भरून आलं — आणि पाठोपाठ तो दोरा दिसला.

पूजेचा दोरा काढायचा नसतो. आपोआप कुजून गळेपर्यंत राहू द्यायचा. तो नवऱ्याच्या आयुष्याचा. पण पालवीच्या दिवसांत बुंधा फुगतो, आणि बांधलेलं सालीत रुततं… सहाव्या वर्षी एका फांदीला सुतळी बांधून ते जमाबंदीच्या दौऱ्यावर मंठ्याला गेले होते. दोन महिन्यांनी येऊन बघतात तो सुतळी दिसेना, साल तिच्यावर चढलेली! दाभणानं उकरून काढली, शेणमाती लिंपली, कुणाला सांगितलं नाही. म्हणजे आता एक तर माझं आयुष्य, नाही तर झाडाचं… त्यांना स्वतःचंच हसू आलं. तरी हात पुढे गेलाच.

“अहो, काय करून राह्यले तुम्ही? सोडू नका बरं तो.” उमाबाई दारात उभ्या होत्या.

“न्हाई, न्हाई… बघून राह्यलो फक्त.”

“मंग बोट घालून बघा की खालून.”

बोट गेलं. सगळ्या वेढ्यांखालून, अलगद.

“बोटभर जागा सोडलीय, बराबर,” उमाबाई म्हणाल्या. “तुम्ही मंठ्याला गेल्ते तेव्हा ती फांदी वाळून राह्यली होती. रोज पाणी घालत होते अन् रडत होते, मला कळंच ना काय चुकून राह्यलंय ते. तेव्हापासून बघते मी, तुम्ही कसं बांधता.”

आणि त्या आत गेल्या, पुरणाला घाई होती म्हणून.

रोज पाणी… मार्तंडराव मनाशी हिशेब मांडू लागले. दर उन्हाळ्यात दौरा, कधी महिना, कधी दोन; वैशाखात या परळातली माती दोन दिवसांत भाजून निघते. आणि आपण परत येऊन हिरवी पानं बघायचो, मिशीला पीळ द्यायचो, चारचौघांत सांगायचो — जातच चिवट हो वडाची! कुणाला विचारलं नाही. अठरा वर्षांत एकदाही नाही… लाज वाटत होती, खरंच वाटत होती, पण तिच्या आतून भलताच आनंद उसळत होता, आणि त्याचं काय करावं ते कळत नव्हतं. आतून कढईचा आवाज आला. उठून तिला काहीतरी सांगायला हवं — पण काय? तोंड उघडलं तर हसू येईल की रडू, याचा नेम नव्हता, आणि बोट अजून दोऱ्याखालीच होतं.