वाऱ्याच्या उलट बाजूचं दार

धाकट्या जावयाच्या लग्नाच्या एकाही फोटोत धाकटा जावई अख्खा दिसत नाही. प्रत्येक फोटोत त्याच्यापुढे थोरल्या जावयाचा खांदा आहे. तेव्हापासून दोघे साडू एकमेकांशी बोलत नव्हते, आणि नेमक्या याच दोघांना सासऱ्यांनी एका उंच, उघड्या खिंडीत एकत्र पाठवलं होतं.

सासऱ्यांचा पोलादी खोल्यांचा कारखाना होता. खोली खाली सुट्या भागांत तयार करायची, हेलिकॉप्टरला टांगून डोंगरावर न्यायची आणि वर बोल्ट आवळून उभी करायची. या खिंडीतली खोली हवामान मोजणाऱ्यांसाठी होती. आदल्या दिवशी चार खांबांवर छत ठेवून झालं होतं. आता फक्त भिंतींचे पत्रे लावायचे, दार बसवायचं आणि शेवटी बाहेर येऊन छत तारांनी खडकाला ताणून बांधायचं.

"नीट उभी करा," निघताना सासरे म्हणाले होते, "म्हणजे कारखान्याची किल्ली कुणाच्या हातात द्यायची ते मला कळेल."

दोघांनी वाकून नमस्कार केला. वाकतानाही थोरला पुढे होता.

खोलीचं एक टोक थोरल्याने धरलं, दुसरं धाकट्याने. बोलणं भाग पडलं की वायरलेसवरून बोलायचं. दोघांकडे एकेक संच होता, आणि ऐकायला पायथ्याशी सासरे.

"बाबा, त्यांना सांगा, पाना द्या."

"अरे, तो तुझ्या शेजारीच उभा आहे ना?"

"हो. म्हणून तर सांगतोय, लगेच देता येईल."

सासरे उसासा टाकायचे आणि निरोप पोचवायचे. पाना हातभर अंतरावरून यायचा, पण डोंगर उतरून पुन्हा चढून आल्यासारखा उशिरा.

दाराबद्दल सासऱ्यांची एकच सूचना होती : वाऱ्याच्या उलट बाजूला बसवा, नाहीतर बर्फ थेट आत येईल. आता दाराचा भाग म्हणजे चौकट, बिजागऱ्या, कडी सगळं जोडलेलं, साध्या पत्र्याच्या दुप्पट जड. सकाळी वारा थोरल्याच्या टोकावर आपटत होता. थोरल्याने समाधानाने मान डोलावली. दार धाकट्याच्या टोकाला, वजनही त्याच्याच कमरेला. जेवायच्या वेळी वाऱ्याने तोंड फिरवलं आणि तो धाकट्याच्या टोकावर आपटू लागला. धाकट्याने आकाशाचे मनोमन आभार मानले. दार थोरल्याच्या टोकाला!

विचारायचं म्हणजे वायरलेस उचलावा लागला असता. दोघांपैकी कुणीच तो उचलला नाही.

वर नेताना एखादा पत्रा वाकतोच, म्हणून कारखाना एक जादा देतो. या खेपेला एकही वाकला नाही. त्यामुळे दाराची जागासुद्धा साध्या पत्र्याने व्यवस्थित भरली. थंडीत बाहेर उभं राहून नट आवळायला लागू नयेत म्हणून सगळे बोल्ट आतून होते. शेवटचा पत्रा दोघांनी आतून दोरीने ओढून घेतला आणि आवळला. काम सुंदर झालं होतं. कुठे फट नाही, कुठे वाऱ्याची झुळूक नाही.

दारही नाही.

दोघांनी चारी भिंती पाहिल्या. मग एकमेकांकडे पाहिलं, जे त्यांनी लग्नातही केलं नव्हतं. ताटाएवढ्या पक्क्या काचेतून बाहेर एका मोठ्या खडकाला टेकवलेलं दार दिसत होतं. त्याच्या आडोशाला जेवणाची पेटी होती.

वायरलेस खरखरला. "झालं का रे? दार नीट बसलं?"

"बसलं, बाबा," दोघे एकदम म्हणाले.

"आज वाऱ्यात हेलिकॉप्टर येणार नाही. आतच थांबा. तारा ताणल्यात ना?"

तारा बाहेर होत्या. "ताणल्यात," धाकटा म्हणाला. खोटं बोलायचंच होतं तर निदान थोरल्याच्या आधी बोलावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

उपाय सोपा होता. एक पत्रा खोलायचा, बाहेर जायचं, दार आणायचं. पण पत्रा ज्याच्या टोकाचा खोलला, चूक त्याची. आणि चूक ज्याची, किल्ली त्याची नाही. धाकटा मांडी घालून बसला. समोर थोरला मांडी घालून बसला. पोटं गुरगुरू लागली. त्यातही थोरल्याचं पोट आधी.

शेवटी थोरला उठला, पाना घेतला आणि ताडताड चालत धाकट्याच्या टोकाला जाऊन पत्रा खोलू लागला.

"ओ! माझ्या टोकाला हात लावायचा नाही!" फोटोंनंतर धाकट्याने त्याला उद्देशून काढलेले हे पहिले शब्द.

"दार इथे हवं होतं, साडूभाऊ. सकाळचा वारा आठवा."

"सकाळी? तुम्ही काय सकाळपुरती खोली बांधताय?"

धाकट्याने दुसरा पाना उचलला आणि थोरल्याच्या टोकाचा पत्रा खोलायला घेतला. दोघेही कसलेले कारागीर. दोन्ही पत्रे साधारण एकाच वेळी बाहेर पडले.

खिंडीतला वारा आत शिरला, त्याने खोलीत एक चक्कर मारली आणि छत उचललं. छताने जाताना बोल्टही नेले. वरचा आधार गेल्यावर भिंती एकेक करून अदबीने बाहेरच्या बाजूला आडव्या झाल्या. मधोमध दोन साडू हातात पाने घेऊन उभे राहिले.

बर्फ सुरू झाला.

बऱ्याच वेळाने सासऱ्यांचा आवाज आला. "छत इथे पोचलं. तुम्ही कुठे आहात?"

मग सासूबाईंनी वायरलेस हिसकावल्याचा आवाज आला.

"जावईबापू, दार तरी शाबूत आहे का?"

"आहे, आई!" दोघे ओरडले आणि पळत सुटले.

खडक आणि दार यांच्या मधे एक माणूस ऐसपैस आणि दोन माणसं कशीबशी मावतील एवढी जागा होती. दोन्ही कडांना बर्फ साचून घट्ट झाला होता, त्यामुळे आत जायचं तर दारातूनच. इथेही खांदा थोरल्याचाच पुढे. तो आत गेला आणि त्याने कडी घातली.

धाकट्याने दार ठोठावलं.

"कोण?" आतून आवाज आला.

धाकट्याने वायरलेस तोंडाशी धरला. "आई, त्यांना सांगा, दार उघडा."

सासूबाईंनी सांगितलं. आतून काहीतरी पुटपुटल्याचं ऐकू आलं. जेवणाच्या पेटीचं झाकणही वाजलं. मग सासूबाई परत बोलू लागल्या.

"ते म्हणतात, दार कुणाच्या बाजूचं होतं तेवढं सांगा, लगेच उघडतो. सांगून टाका ना, जावईबापू. हे इथे किल्ली हातात घेऊनच बसलेत, पण जीव मोठा की किल्ली?"

धाकट्याच्या भुवयांवर बर्फ जमला होता. नाक आहे की नाही ते हात लावून पाहावं लागत होतं. 'माझ्या' एवढा एकच शब्द. तो त्याच्या जिभेपर्यंत आला आणि तिथेच गोठला. तेवढ्यात वाऱ्याने पुन्हा दिशा बदलली आणि तो थेट दारावर आपटू लागला. म्हणजे त्याच्या पाठीवर.

त्याने बटण दाबलं.

"आई, त्यांना सांगा," तो म्हणाला, "बाहेर हवा फार छान आहे."