बुर्साच्या यादीतला किरण

सुरतच्या उधन्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत सुषमा टेस्टिंग करायची. तिचे वडील हिलाल पाटील अमळनेरकडून कापडाच्या लूमवर काम करायला सुरतेत आले. ती इथेच वाढली, शिकली. सहा वर्षं तिच्या शेजारच्या खुर्चीवर किरण महाजन बसायचा. दोन वर्षांपूर्वी कंपनीने त्याला तुर्कस्तानात, बुर्साच्या एका कापड कारखान्यात पाठवलं. तिथल्या कामगारांची हजेरी याच कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चालायची.

निघायच्या दिवशी त्याने विचारलं होतं, "तुला काही म्हणायचंय का?"

"थंडी असते तिकडे. स्वेटर ने," ती म्हणाली होती. त्यानंतर ते उत्तर तिने मनातल्या मनात शंभरदा बदललं.

मंगळवारी त्याचा फोन आला. कामाचाच.

"सुषमा, मी इथे सापडत नाही."

"म्हणजे?"

"हजेरीच्या यादीत. नाव कॅपिटलमध्ये भरलंय. स्मॉलमध्ये शोधलं की किरण नावाचा माणूसच नाही म्हणतं."

ती हसली, पण लगेच कामाला लागली. तुर्की भाषेत आय दोन असतात, ठिपक्याचा आणि बिनठिपक्याचा. कॅपिटल आय स्मॉल केला की तिथे ठिपका येत नाही. शोधणारा मात्र ठिपक्याचा आय टाइप करायचा. दोघांची गाठच पडत नव्हती.

"ठिपका गेला की इथे माझ्या नावाचा अर्थ 'तोडणारा' होतो," किरण म्हणाला. "कँटीनवाले काका रोज विचारतात, आज काय तोडलंस?"

यावर काहीतरी बोलावं असं तिला फार वाटलं. "जुन्या फायली पाठव," एवढंच ती म्हणाली.

जुन्या फायलींचं वेगळंच दुखणं होतं. त्यांत प्रत्येक अक्षरासाठी एक आकडा, आणि तोच आकडा दुसऱ्या देशाच्या तक्त्यात भलतंच अक्षर. तीन दिवस ती एकेक नाव लहानाचं मोठं, मोठ्याचं लहान करून बघत राहिली. सकाळी पहिलं आणि संध्याकाळी शेवटचं नाव ती किरणचंच टाकायची. यादीत तो नाही, असं स्क्रीनवर उमटलं की ही नुसती टेस्ट आहे हे ठाऊक असूनही ती तेच नाव पुन्हा एकदा टाकून बघायची.

शुक्रवारी दुपारी तो सापडला. पूर्ण पान उघडलं: नाव, विभाग, रक्तगट. त्याखाली, अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं त्या रकान्यात, सुषमा हिलाल पाटील, सुरत. पुढे तिचा नंबर.

तिने फोन लावला. "माझं नाव का टाकलंस?"

पलीकडे लूमचा खडखडाट. मग तो दाराबाहेर आला असावा, आवाज शांत झाला.

"पहिल्याच दिवशी फॉर्म दिला. घरचे बारडोलीला आहेत, त्यांचा नंबर लिहायला हवा होता. हात तुझाच लिहून गेला."

"दोन वर्षं झाली, किरण. सांगितलं नाहीस."

"तू स्वेटर म्हणालीस. मला वाटलं, तेवढंच आहे."

"तेवढंच नव्हतं," सुषमा म्हणाली. शेजारच्या खुर्चीवर आता बसणारी शीतल वळून बघू लागली, तरी तिने आवाज खाली आणला नाही. "कधी येतोस?"

"करार आणखी दीड वर्षाचा आहे गं."

दीड वर्ष. तिने डोळे पुसले आणि विचारलं, "तिकडे आत्ता किती वाजलेत?"

"साडेबारा. जेवायची सुट्टी."

"मग जेवता जेवता बोल. मी ठेवत नाही."