सासऱ्यांचे नाव

ते १७८९ साल होते. खान वारल्यापासून कझाकांच्या त्या टोळीचा कारभार त्याची विधवा कुनसुलू पाहत होती. तिचा नऊ वर्षांचा मुलगा एर्देन ओरेनबर्गच्या रशियन किल्ल्यात ओलीस होता. त्याला सोडवण्यासाठी तिने पाठवलेले पत्र परत आले होते.

एर्देनच्या आजोबांचे नाव कास्करबेक. कास्कर म्हणजे लांडगा. त्यांच्यात सून सासऱ्याचे नाव घेत नाही, म्हणून पत्र सांगताना तिने लांडग्याऐवजी ओरडणारा अशा अर्थाने ‘ओरडेबेक’ म्हटले आणि कझानहून नव्याने आलेल्या, ही रीत ठाऊक नसलेल्या मुल्लाने तेच लिहून टाकले.

"ओलिसांच्या यादीत पोराच्या आजोबांचं हे नाव नाही," पत्र परत घेऊन आलेला रशियनांचा दुभाषा याकोव म्हणाला. "खरं नाव तुमच्या तोंडून ऐकलं तरच दुरुस्त पत्र नेईन. नाहीतर पोराची रवानगी पीटर्सबर्गला."

"दुसऱ्या कुणी सांगितलं तर?"

"पत्रावर मोहोर तुमची आहे, राणीसाहेब. नाव तुम्हीच सांगायला हवं."

समोर सासूबाई बसल्या होत्या. कुनसुलू त्यांच्याकडे वळली.

"आई, रागावू नका," ती म्हणाली. "कास्करबेक."

सासूबाईंनी हातातला घोडीच्या दुधाचा वाडगा खाली ठेवला.

"एवढं हळू काय म्हणतेस?" त्या म्हणाल्या. "हा मुल्ला पुन्हा घोळ घालायचा."

एर्देन वसंतात घरी आला आणि पुढे खान झाला. याकोव ओरेनबर्गलाच म्हातारा झाला. कुनसुलूने ते नाव पुन्हा कधी उच्चारले नाही. सासूबाई मात्र मरेपर्यंत अधूनमधून मुल्लाला बोलावून त्या पत्राची नक्कल, नवऱ्याच्या नावासकट, मोठ्याने वाचून घेत असत.