सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला

कारखाना बंद पडून तीन महिने झाले होते आणि तरीही बायको रोज सकाळी डबा भरत होती, ही गोष्ट कटरच्या लक्षात यायला जरा उशीरच झाला, कारण कामाला कुलूप लागल्यापासून तो नऊ-नऊ वाजेपर्यंत लोळत पडायचा. बावीस वर्षं चामड्याचे हातमोजे कापलेला माणूस. त्यानं आता उठायचं तरी कशासाठी? अर्धवट झोपेत त्याला स्वयंपाकघरातून तिचं हसू ऐकू यायचं, मग कुणीतरी दार ओढून घेतल्याचा आवाज. संध्याकाळी तो पोचा पडलेला जुना डबा धुऊन पालथा घातलेला असे.

संशय आधी गेला तो दोऱ्यावर. दोरा म्हणजे त्याच्याच कारखान्यातला शिलाईवाला, अंगानं काटकुळा, खालच्या मजल्यावर राहणारा, एकटा जीव. मेल्याला थकलेला पगार पहिल्या फटक्यात मिळाला होता, आणि आता आपल्या बायकोच्या हातचंही मिळतंय, या विचारानं कटर जिन्यात तो दिसला की तोंड फिरवी. तिला त्यानं विचारलं मात्र नाही. विचारलं आणि ती हो म्हणाली तर?

थकलेल्या पगारासाठी केलेला त्याचा स्वतःचा अर्ज अडकून पडला होता. कचेरीत चौकशीला गेला तेव्हा दावे तपासणाऱ्या बाईंनी फाईल उघडली आणि चष्मा वर सरकवला.

"काका, तुमचा दावा कसा बसेल? तुम्ही तर कामावर आहात."

"थट्टा करता काय गरिबाची? कुलूप आहे कारखान्याला!"

"मग तुमचा बिल्ला कुठंय?"

त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला. सकाळी फाटकाबाहेरच्या फळीवरून आपल्या नंबरचा पितळी बिल्ला काढून खिशात टाकायचा, सुटल्यावर परत खिळ्याला अडकवायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस आत, अशी तिथली पद्धत. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी बिल्ले अडकवले, पण यानं रागाच्या भरात सत्तेचाळीस नंबर तसाच घरी आणला होता आणि तेव्हापासून तो खिशातच होता.

"आणि हे बघा," बाईंनी एक कागद पुढे केला, "काल तीस जोड कापलेत तुम्ही. एकही वाया नाही."

खाली सही त्याचीच होती. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला भीती वाटलीच नाही, त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. ऐन उमेदीतसुद्धा दिवसाला बावीसच्या वर जोड त्याच्या हातून कधी निघाले नव्हते.

तो तडक कारखान्यावर गेला. फाटकाला साखळी तशीच होती, गंजलेली. मागच्या खिडकीची काच बाहीनं पुसून त्यानं आत डोकावलं. भर दुपारच्या उन्हात त्याच्या टेबलाशी कोणीतरी पाठमोरं बसलं होतं, अगदी त्याच्यासारखाच डावा खांदा जरासा पाडून, आणि ओलसर चामडं ताणत सुरी अशी फिरवत होतं की बघत राहावं. शेजारी पोचा पडलेला डबा होता.

दोरा बिचारा सुटला, पण कटरची आग काही विझेना. माझं टेबल, माझी सुरी, आणि सकाळचं ते हसूही याचंच! आपल्या हातात डबा देताना ती कधी अशी हसल्याचं त्याला आठवेना. थांब लेका, तो पुटपुटला, तुझी सुट्टीच करतो. फाटकापाशी येऊन त्यानं बिल्ला खिळ्याला अडकवला. आत सुरी खाली ठेवल्याचा आवाज आला, मग नळाखाली कुणीतरी हात धुतल्याचा.

घरी तो जवळजवळ पळतच आला. आता दावा मंजूर होईल, आता सगळं पुन्हा आपलं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. बायको दारातच उभी होती, केस नीट विंचरून. तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मग त्याच्या खांद्यावरून जिन्याकडे.

"बिल्ला लावून आलो," तो धापा टाकत म्हणाला. "संपलं एकदाचं."

"हो का? म्हणजे आज लवकर सुटले म्हणायचे," ती म्हणाली.

खाली जिन्यात पावलं वाजू लागली. डावं पाऊल जरासं घासत येणारी ती चाल त्याच्या चांगलीच ओळखीची होती. बावीस वर्षं तो स्वतः असाच जिना चढला होता. डब्याची कडी किणकिणली. बायकोचा चेहरा उजळला, आणि दारात वाट हवी म्हणून तिनं त्याला हळूच बाजूला सारलं.