ऐंशीच्या वरची थरथर

मी एक पांढरी गाडी आहे. पांढरी म्हणजे कागदोपत्री. रत्नागिरीत राहायचं, दिवसाआड आंब्याच्या बागेत जायचं आणि वर पांढरंही राहायचं, हे माणसांना जमत नाही, तर मला कसं जमावं? दारांच्या खाली मी चांगली तांबडी आहे आणि त्याची मला अजिबात लाज नाही.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. सगळी भावंडं एकसारखी दिसायची आणि सगळ्यांच्या सीटवर प्लास्टिक होतं, एवढंच लक्षात आहे. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते दत्तात्रेयांनी माझ्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि चाकाखाली लिंबू चिरडलं तेव्हा. हे माझे मालक. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, बागेचे धनी आणि साऱ्या आळीचे भाऊ. सीटवरचं प्लास्टिक त्यांनी पुढची कितीतरी वर्षं कुणाला काढू दिलं नाही. मालिनीवहिनी, म्हणजे त्यांची बायको, प्रत्येक वळणावर त्यावरून घसरत दारावर आपटायच्या आणि नव्या गाडीला नावं ठेवायच्या.

भाऊंचा जीव होता माझ्यावर. पावसाच्या आधी माणसं घरांची कौलं परतून घेतात, तशी भाऊ माझी डागडुजी करत. गंज हा त्यांचा हाडवैरी. त्यावर त्यांचा जालीम उपाय म्हणजे काजूच्या टरफलांचं तेल. होडीला लावतात, घराच्या वाशांना लावतात, मग गाडीनं काय घोडं मारलंय, असं म्हणून दर मे महिन्यात ते मला खालून काळीकुट्ट करत. चाकांच्या आतल्या बाजूलाही हौसेनं ब्रश फिरवत. तेल इतकं चिकट की एकदा त्यावर बसलेली माशी पुन्हा उठली नाही. त्याचा वास सहन करत मी पावसाळा काढत असे, पण प्रेमापुढे कोण बोलणार!

यंदा गणपती गेले आणि मला ते दुखणं लागलं. गावात फिरताना काही नाही. हातखंब्याला हायवे धरला आणि काटा ऐंशीच्या वर गेला की स्टिअरिंग थरथरायला लागे. सत्तरवर आणलं की पुन्हा मी शहाण्यासारखी गप्प.

मग काय, आळीत जो तो डॉक्टर झाला. शेजारच्या रावजींनी माझ्या टपावर दोनदा टिचकी मारली आणि बॉनेटही न उघडता सांगितलं, "भाऊ, इंजिनाचं माउंटिंग गेलं. लिहून घ्या." भाचा गुरुप्रसाद मुंबईहून फोनवर म्हणाला, "मामा, आवाज रेकॉर्ड करून पाठवा." भाऊ म्हणाले, "अरे, आवाज नाही, थरथर आहे." तो म्हणाला, "मग थरथर रेकॉर्ड करून पाठवा."

बागेत राबणाऱ्या रघूनं तर माझ्या पुढ्यात उभं राहून चक्क गाऱ्हाणंच घातलं. "बा देवा म्हाराजा, ही गाडी भाऊंची. लय गुनाची. पन ऐंशीच्या वर गेली का अंगात आल्यागत करते. कुनाचं काय चुकलं-माकलं आसंल तं पदरात घे आनि हिला ठिकानावर आन रं म्हाराजा!" भाऊ आयुष्यभर विज्ञानाच्या बाजूचे, पण "व्हय म्हाराजा" त्यांनीही हळूच म्हटलं. मी ऐकलं.

आता मला काय होतंय हे मलाच विचाराल, तर मलाही कळत नव्हतं. पुढचा डावा पाय जड वाटायचा, एवढंच. पण सांगू कशी? बोलायला माझ्याकडे फक्त हॉर्न, आणि तोही दुसऱ्यानं दाबल्याशिवाय वाजत नाही.

शेवटी पुण्याहून मुलगा आला, उन्मेष. तो बापासकट मला टायरवाल्याकडे घेऊन गेला. टायरवाल्यानं चाक काढलं, आत डोकावला आणि म्हणाला, "आतून खरवडून घेऊ का?"

"हात लावायचा नाही!" भाऊ गरजले. "काजूचं तेल आहे ते. मी स्वतः लावलंय."

टायरवाल्यानं खांदे उडवले. चाक तसंच मशीनवर चढवून फिरवलं, कडेला शिशाचे तुकडे चिकटवून त्याचा तोल साधला आणि चाक परत बसवलं. उन्मेषनं मला संगमेश्वरपर्यंत नव्वदनं पळवलं. मी जराही हलले नाही. भाऊंनी कौतुकानं माझा डॅशबोर्ड थोपटला, उन्मेष समाधानानं पुण्याला गेला, आणि पुढच्याच आठवड्यात निवळीच्या घाटापलीकडे मी पुन्हा थरथरायला लागले. आता तर आधीपेक्षा जास्त.

भाऊंनी गाडीतूनच मुलाला फोन लावला. उन्मेष म्हणाला, "बाबा, मी स्वतः चालवून बघितली. गाडीत काही नाही." मग त्यानं विचारलं, "बाबा, तुमचे हात थरथरतात का?"

भाऊंनी फोन कानाशी धरून दुसरा हात डोळ्यांसमोर आणला. उन्मेषच पुढे म्हणाला, "दिवाळीला येतो, तेव्हा किल्ली माझ्याकडे द्या. विकून टाकू गाडी. रिक्षा आहेत की आता दारात." "बरं, देतो," म्हणून भाऊंनी फोन ठेवला.

त्या दिवसापासून माझे भाऊ बदलले. पोर्चमधून मला सगळं दिसायचं. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागले. पसरलेल्या बोटांवर वर्तमानपत्र ठेवून ते हलतंय का बघायचे. हललं की पंखा बंद करून पुन्हा बघायचे. दुपारी वहिनींचा डोळा लागला की माझ्यात येऊन बसायचे आणि इंजिन बंद ठेवून नुसतं स्टिअरिंग धरायचे. मला फार वाईट वाटायचं. मला विकतील ते विकतील, दुसरा कुणी तरी चालवेल. पण आपल्याच बागेत जायला ह्या माणसाला उद्या कुणाची तरी वाट बघत बसावं लागणार होतं, आणि त्याला कारण मी होते.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा भाऊ वहिनींना म्हणाले, "आंजर्ल्याच्या गणपतीला जाऊन येऊ. पुन्हा आपली गाडी असेल-नसेल." वहिनींनी नारळ घेतला, फुलं घेतली आणि पुढच्या सीटवर बसल्या. भाऊंना वाटत होतं, वहिनींना हातांचं काहीच ठाऊक नाही.

आरवलीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला. काटा ऐंशीवर गेला आणि माझं सुरू झालं. भाऊंनी लगेच वेग कमी केला. "लागले बघ माझे हात थरथरायला," ते पुटपुटले.

"परत ऐंशीवर घ्या," वहिनी म्हणाल्या.

"अगो, कशाला..."

"घ्या म्हणते ना. आता डावा हात काढा नि इकडे माझ्यापुढे धरा."

भाऊंनी धरला. हात हवेत असा स्थिर, की बोटाचं टोकसुद्धा हललं नाही. उजव्या हाताखाली स्टिअरिंग मात्र नाचतच होतं.

"आता हात बदला," वहिनी म्हणाल्या. उजवाही तसाच, खुंटीसारखा.

"बघितलंत? हातांना काहीही झालेलं नाही. हे मेलं चाक नाचतंय. आणि तुम्ही महिनाभर दोन दोन हातांनी चहा पीत माझ्या बश्या फोडताय!"

भाऊंनी मला कडेला घेतलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि खाली उतरले. जॅकची पिशवी आजवर त्यांनी कधी उघडलीच नव्हती. ती उघडली. "आधी कुठलं काढता?" वहिनींनी विचारलं. "डावं," भाऊ म्हणाले. "ते सावलीत आहे."

चाक निघालं, पालथं पडलं आणि वहिनी खाली वाकल्या. "अहो, ही तर फणसपोळी!"

खरंच तसं होतं. एका मे महिन्याचं तेल, त्यावर बागेची चिकट तांबडी माती, त्यावर पुढच्या वर्षीचं तेल, पुन्हा माती. थरावर थर बसून दगड झाला होता. एका बाजूला तो जाडजूड होता आणि दुसऱ्या बाजूचा मोठा ढलपा निघून गेलेला. टायरवाल्यानं ह्या सगळ्यासकट माझा तोल साधला होता. घाटात ढलपा पडला आणि साधलेला तोल पुन्हा बिघडला. हात लावायचा नाही म्हणून कोण गरजलं होतं, ते वहिनींनी विचारलं नाही. नुसतं बघितलं.

भाऊंमधला भूगोलाचा मास्तर जागा झाला. "जांभा दगड असाच..." त्यांनी सुरुवात केली. वहिनींनी ऐकून न घेता हाताशी होता तो नारळ त्या दगडावर हाणला. नारळ फुटला. दगड नुसता तडकला.

"अगो, तो गणपतीचा होता!"

"विघ्न वाटेत भेटलं, तर नारळ वाटेतच फुटणार," वहिनी म्हणाल्या आणि खोबऱ्याचा तुकडा त्यांनी भाऊंच्या हातावर ठेवला.

खेडला एका टायरवाल्यानं माझी चारही चाकं आतून खरवडून पुन्हा तोल साधला. भाऊ सगळा वेळ तोंड मिटून उभे होते. त्यांना ते किती जड गेलं, हे मला विचारा. पुढे आंजर्ल्याला गणपतीसमोर नवा नारळ फुटला. परतताना मी पंच्याऐंशीनं आले ती अगदी तळ्यातल्या पाण्यासारखी शांत. भाऊ घरी येईपर्यंत शीळ घालत होते.

दिवाळीला उन्मेष आला. भाऊंनी त्याला शेजारी बसवून हायवेला नेलं. तो रस्ता बघतच नव्हता, बापाचे हात बघत होता. थोड्या वेळानं म्हणाला, "बाबा, नव्वद झालेत. जरा हळू." मग त्यानं विचारलं, "काय झालं होतं गाडीला?"

"थोडी माती होती चाकात," भाऊ म्हणाले.

"आणि तेल!" मागच्या सीटवरून वहिनी ओरडल्या.

घरी आल्यावर भाऊंनी ठरल्याप्रमाणे किल्ली काढून उन्मेषपुढे धरली. शब्दाचा माणूस. उन्मेषनं ती घेतली, क्षणभर बघितली आणि परत त्यांच्या तळहातावर ठेवली. "माझं चुकलं, बाबा," तो म्हणाला.

आणि तेव्हा भाऊंचा हात थरथरला. मी पाहिलं. उन्मेषनंही पाहिलं. ह्या खेपेला कारण त्याला कुणी सांगायची गरज पडली नाही.

आता मी पोर्चमध्ये उभी आहे. उद्या बागेत जायचंय. रंग उडालाय, पण चारही पाय हलके आहेत. माझं मागणं एवढंच, की मे महिना आला की वहिनींनी तो तेलाचा डबा कुठे तरी लपवून ठेवावा. आणि तुमच्या घरातल्या कुणाचे हात थरथरतायत असं वाटलं, तर किल्ली मागण्याआधी एकदा खाली उतरून चाक काढा आणि आतून बघा.